इथला लीडर कोण

नीलिमा खांबेटे यांचं मत असं होतं की सुपरमार्केटमध्ये मिळतो तो फ्लॉवर नव्हे, ती फ्लॉवरची आठवण असते. त्यामुळे दर शनिवारी सकाळी श्रीनाथ खांबेट्यांना पिशवी घेऊन मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या दक्षिणेकडे, समुद्रापर्यंत पसरलेल्या शेतांकडे जावं लागे. तिथे रस्त्याच्या कडेला एक टपरीवजा दुकान होतं. इटालियन आजोबांच्या ऑस्ट्रेलियन नातवाने चालवलेलं. गड्डे शेतातून थेट त्याच्या फळीवर येत, आणि श्रीनाथ ते उलटेपालटे करून, देठ नखाने दाबून, मुलगी बघायला गेल्यासारखा चेहरा करून निवडत.

जुलैतली सकाळ होती. वारा समुद्रावरून येत होता आणि कुणाचीही भीड ठेवत नव्हता. फळीवरचा एकही गड्डा श्रीनाथांना पसंत पडेना, तेव्हा मालकाने शेताकडे हात केला. "ताजे कापताहेत, मेट. थांबा दोन मिनिटं."

शेतात पिवळ्या-नारिंगी जॅकेटातली दहा-बारा माणसं वाकून चालली होती. एका हातात सुरी, दुसऱ्या हाताने गड्डा धरायचा, एक घाव, पाला उडवायचा, मागच्या ट्रेलरवर टाकायचा. त्यातलं एक जॅकेट सरळ झालं, त्याने कपाळावरची टोपी वर सरकवली आणि बांधापर्यंत धावत आलं.

"टिउ श्री," ते म्हणालं.

टिउ म्हणजे त्यांच्या भाषेत काका. श्रीनाथांना टिउ म्हणणारी माणसं पृथ्वीवर मोजकीच होती आणि ती सगळी तिमोर-लेस्ते नावाच्या डोंगराळ देशात होती. म्हणजे असायला हवी होती.

"झेलिया," श्रीनाथ म्हणाले. "तू इथे काय करते आहेस?"

तिने हातातल्या गड्ड्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. प्रश्न समजला, पण तो कुणी का विचारावा हे समजलं नाही, असा तिचा चेहरा झाला.

"फ्लॉवर कापते आहे," ती म्हणाली.

*

झेलिया ही श्रीनाथांची सर्वांत लाडकी विद्यार्थिनी. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे फक्त नीलिमाला, मुलाला, सुनेला आणि मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या सगळ्यांना.

नोकरीची वर्षं त्यांनी सिडनीच्या पॅरामॅटात, एका बँकेच्या ट्रेनिंग विभागात काढली. माणसांनी माणसांशी कसं बोलावं, हे शिकवायचं काम. निवृत्त झाले आणि मुलाजवळ वेरिबीला राहायला आले, तेव्हा नीलिमाला पहिल्याच महिन्यात कळलं की हा माणूस घरात राहिला तर दोघांतला एक वेडा होणार आणि तो एक श्रीनाथ नसणार. तिनेच शोधून त्यांना एका संस्थेत चिकटवून दिलं. संस्थेच्या लांबलचक नावात 'टुमॉरो' होता, 'एम्पॉवर' होतं आणि कुठेतरी 'ब्रिज'ही होता. सगळे नुसतं ट्रस्ट म्हणत. युद्धातून उठलेल्या देशात तरुण नेतृत्व घडवायचं, हे ट्रस्टचं काम. घडवायचं हा शब्द त्यांचाच. कुंभाराकडे माठ सांगावेत तसे नेते सांगितलेले.

वर्षातून दोनदा श्रीनाथ तिमोरला जात. डोंगरातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये वीस-बावीस पोरंपोरी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसत, आणि पहिल्या दिवशी पहिला प्रश्न ठरलेला असे. तो श्रीनाथांनीच पॅरामॅटात असताना बसवला होता आणि ट्रस्टने त्यांच्या नावासकट आपल्या मॅन्युअलमध्ये छापला होता. खोलीवर नजर फिरवायची, थोडं थांबायचं आणि मोठ्याने विचारायचं, "इथला लीडर कोण? हात वर करा."

पॅरामॅटात हा प्रश्न विचारला की धडाधड हात वर होत. ज्याला दोन माणसांची टीम सांभाळता येत नसे, त्याचा सर्वांत आधी.

पहिल्या खेपेला त्या हॉलमध्ये एकही हात वर झाला नाही. पोरं जमिनीकडे बघत बसली. कोंबडं आरवलं, पंखा कुरकुरला, कुणीतरी खुर्ची इंचभर मागे घेतली. श्रीनाथांनी पुन्हा विचारलं. सगळे मूग गिळून.

आणि श्रीनाथ भारावून गेले. काय हा विनय, त्यांना वाटलं. काय हे संस्कार.

त्यालाही कारण होतं. विशीत असताना श्रीनाथ पुण्यात एका युवक संघटनेत होते. सभेआधी सतरंज्या घालायच्या, सभेनंतर उचलायच्या, मधल्या वेळात वक्त्याचं पाणी बघायचं. तिथे त्यांना एक गोष्ट कायमची कळली होती: महाराष्ट्रात स्वतःला पुढारी म्हणवून घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. माणूस मंत्री होतो, त्याच्या मागे गाड्यांची रांग लागते, त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स नगरपालिकेची इमारत झाकून टाकतात, आणि तो माइकसमोर हात जोडून म्हणतो, मी पक्षाचा एक साधा कार्यकर्ता आहे. ऐकणाऱ्या हजारोंपैकी एकाचाही त्यावर विश्वास नसतो, पण तो तसं म्हणाला नसता तर सगळ्यांना वाईट वाटलं असतं. हा आपल्या भाषेतला शिष्टाचार आहे. 'या, घर आपलंच आहे' म्हणतो तसा.

शिष्टाचार परमुलखात नेताना त्यावर 'फक्त बोलण्यासाठी' अशी चिठ्ठी लावायची असते. श्रीनाथ विसरले. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, KARYAKARTA. खाली लिहिलं, वर्कर. आणि भरल्या आवाजात सांगितलं, "तुम्ही हात वर केला नाहीत, हेच बरोबर. मी लीडर आहे असं कधी म्हणायचं नाही. आमच्याकडे खरा माणूस म्हणतो, मी कार्यकर्ता. आय ॲम अ वर्कर. बाकीचं लोक म्हणतील."

पोरांनी मान वर केली. इतका वेळ कोंडलेला श्वास सगळ्या हॉलने एकदम सोडला. पुढच्या खुर्चीतली, वेणी घातलेली, पायात दोन रंगांच्या दोन चपला असलेली मुलगी हळूच म्हणाली, "कार्जाकार्ता." तिला तो शब्द गोड लागला असावा, कारण तिने तो आणखी दोनदा म्हटला.

ती झेलिया.

पुढच्या दोन वर्षांत तिने जे केलं ते ट्रस्टच्या अहवालात एका ओळीत आलं, पण श्रीनाथांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. तिच्या गावच्या दोन वस्त्या. युद्धात एक वस्ती या बाजूला, दुसरी त्या बाजूला. लढाई संपून पंचवीस वर्षं झाली तरी एका वस्तीची बाई दुसऱ्या वस्तीतल्या बाईला मयतालासुद्धा हाक मारत नसे. वर डोंगरात झरा एकच. झेलियाने पाणी समिती काढली. खरं तर तिने दोन्हीकडच्या बायकांना पाइप धरायला बोलावलं, एवढंच. लांब पाइप एकटीला धरता येत नाही. दुसरं टोक कुणीतरी धरावंच लागतं, आणि धरलं की 'थोडं वर घे' म्हणावं लागतं. पंचवीस वर्षांनंतर त्या दोन वस्त्यांत बोललं गेलेलं पहिलं वाक्य 'थोडं वर घे' हे होतं. नळ एकच बसला, दोन्ही वस्त्यांच्या मध्ये. त्याच्यापाशी रोज भांडणं होऊ लागली. श्रीनाथ नीलिमाला अभिमानाने सांगत, "भांडतात गं आता त्या. तोंडावर भांडतात. याला म्हणतात समाज."

म्हणून मागच्या वर्षी ट्रस्टची फेलोशिप निघाली, तेव्हा श्रीनाथांनी डोळे मिटून तिचं नाव सुचवलं. मेलबर्नला, क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत काही महिन्यांचा अभ्यास, आणि परत गेल्यावर तिथल्याच डोंगरात ट्रस्टची पगारी जागा. स्वतः सुचवल्यामुळे ते निवड समितीत बसले नाहीत. निवड झाली ऑक्टाव्हियो नावाच्या, राजधानीतल्या एका चुणचुणीत मुलाची. झेलियाबद्दल शेरा आला, 'लीडरशिप मटेरियल वाटत नाही.' श्रीनाथ चार दिवस घरात धुसफुसले. समितीला अक्कल नाही, असं त्यांचं मत झालं, आणि ते मत अगदीच चुकीचं नव्हतं म्हणून ते पुढे काही विचारायला गेले नाहीत.

*

बांधावर, वाऱ्यात, झेलियाने त्यांना सगळं आनंदाने सांगितलं. शेतकामाला माणसं आणायची सरकारी योजना आहे, त्यातून आली. धाकट्या दोघा भावांची शाळा आहे. एकटी नाही आली. पाणी समितीतली बहुतेक सगळी इथेच आहेत. तो जो पाला उडवतोय तो खजिनदार. ट्रेलरवर उभी आहे ती सचिव.

"म्हणजे समितीचा कोरम वेरिबीत आहे," श्रीनाथ म्हणाले.

"हो. पण नळ तिकडे आहे," झेलिया म्हणाली. मग जरा थांबून, "पाइप कुणीतरी कापला, टिउ. कुठल्या वस्तीने ते माहीत नाही. दोघी एकमेकींचं नाव घेतात. आता पुन्हा कुणी बोलत नाही."

 काहीतरी विचारायचं म्हणून श्रीनाथांनी विचारलं, "त्या इंटरव्ह्यूत काय झालं होतं गं?"

"छान झाला," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं, तू स्वतःला लीडर समजतेस का? मी म्हटलं, नाही. आय ॲम अ वर्कर." ती हसली. शिकवलेलं विसरली नाही, म्हणून शाबासकीची वाट बघत असल्यासारखी. "त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा एक बाई म्हणाल्या, मग तुझ्यासाठी ही दुसरी योजना जास्त चांगली, तिथे वर्करच हवेत. आणि खरंच, टिउ, लगेच घेतलं."

मालकाने आवाज दिला. झेलियाने हातातला गड्डा त्यांच्या पिशवीत ठेवला आणि परत रांगेत जाऊन वाकली.

गड्डा घट्ट होता, पांढराशुभ्र, डाग नसलेला. नीलिमाने तो हातात घेऊन म्हटलं, "अहो, आज कसा काय चांगला निवडलात?" श्रीनाथ कोट न काढताच खुर्चीत बसले.

*

खांबेट्यांच्या घरात अपराधीपणाला फार वेळ बसू देत नसत. त्याला लगेच काहीतरी काम लावून देत. सोमवारी श्रीनाथ फिओनाला भेटायला गेले.

फिओना ट्रस्टची डायरेक्टर. मनाने अतिशय चांगली, आणि कुठलंही दुःख तिच्यासमोर मांडलं की तिला त्यात संधी दिसत असे. योगायोगाने तिच्याकडे खरोखरच एक संधी होती. ऑक्टाव्हियोने इंटरव्ह्यूत स्वतःला 'ट्रान्स्फॉर्मेशनल लीडर' म्हटलं होतं, आणि शब्दाला जागून त्याने सर्वांत आधी स्वतःचं रूपांतर केलं. अभ्यास अर्धा टाकून त्याने पॅरामॅटात कुठल्याशा ऑफिसात 'युथ एंगेजमेंट'ची नोकरी धरली होती. फेलोशिपची जागा रिकामी होती.

"तिला पुन्हा बोलवू या," फिओना म्हणाली. "पण श्री, तिला तिची लीडरशिप ओन करावी लागेल. यू नो?"

"नो वरीज," श्रीनाथ म्हणाले. हे दोन शब्द त्यांना कधीच पटले नव्हते. सगळ्यांत जास्त काळजी असली की ते तेच म्हणत.

पुढचे काही रविवार झेलिया त्यांच्या घरी येऊ लागली. श्रीनाथ स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, आणि ओट्याशी नीलिमा. शिकवणी एका वाक्याची होती.

"म्हण. आय ॲम अ लीडर."

"आय ॲम अ..." झेलिया म्हणे, आणि पुढे तिच्या तोंडातून शब्दच येत नसे. रस्त्यात विस्तव पडल्यासारखी ती तिथे थांबे. मग म्हणे, "टीम वर्कर चालेल?"

"नाही चालणार."

"हार्ड वर्कर?"

"झेलिया."

"टिउ, तुम्हीच म्हणाला होतात कधी म्हणायचं नाही."

"मी म्हटलं होतं ते..." श्रीनाथ अडत. ते कशासाठी म्हटलं होतं, हे इंग्रजीत सांगणं अवघड होतं. मराठीत सांगणं लाजिरवाणं होतं. "ते तुमच्या गावासाठी. हे क्लेटन आहे."

नीलिमा एक दिवस गॅस बंद करून वळली. "अहो, पुरे करा. ही काय पोपट आहे? जरा बाजूला व्हा." तिने झेलियासमोर एक गड्डा आणि परात ठेवली, स्वतः शेजारी बसली आणि तुरे सोडायला लागली. झेलियानेही सुरी घेतली. नीलिमाचं इंग्रजी दुकानापुरतं होतं, पण तेवढ्यात तिचं जगातल्या कुणाशीही अडत नसे.

"तुला येत नाही, की म्हणायचं नाही?" तिने विचारलं.

झेलियाने दोन तुरे सोडले. तिसरा सोडता सोडता बोलायला लागली, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

"युद्धात सैनिक गावात आले. सगळ्यांना मैदानात बसवलं. माझी आई तेव्हा आजीच्या कडेवर होती. त्यांचा साहेब मध्ये उभा राहिला आणि त्याने विचारलं, इथला लीडर कोण? हात वर करा. कुणी केला नाही. त्याने पुन्हा विचारलं. मग म्हणाला, तिसऱ्यांदा विचारणार नाही. माझ्या आजोबांनी हात वर केला. ते लीडर नव्हते. त्यांच्याकडे फक्त एक म्हैस होती. पण कुणीतरी करायला हवा होता."

परातीत तुरा पडल्याचा आवाज झाला.

"त्यांना घेऊन गेले. बाकीच्यांना सोडलं. आमच्याकडे सगळ्या गावांत असंच झालं आहे, फक्त म्हैस वेगळी. म्हणून आमच्याकडे पोरांना लहानपणीच शिकवतात. कुणी कागद हातात घेऊन आला आणि विचारलं इथला लीडर कोण, तर खाली बघायचं." ती श्रीनाथांकडे वळली. "तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत ना, तेव्हा माझ्या शेजारचा मुलगा खुर्ची मागे घेत होता. खिडकीतून उडी मारणार होता तो. आणि मग तुम्ही म्हणालात, नाही म्हटलं तरी चालतं. त्याच्यासाठी एक शब्द आहे. आम्हाला इतकं बरं वाटलं, टिउ. काम करायचं आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, कार्जाकार्ता. कोणी नेणार नाही."

नीलिमाने सुरी खाली ठेवली. तिने झेलियाच्या पाठीवरून हात फिरवला आणि नवऱ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, "तुम्हाला विनय वाटला होता ना तो?"

श्रीनाथांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर शेजाऱ्याचा कचऱ्याचा डबा वाऱ्याने आडवा झाला होता. 

"नको जाऊस इंटरव्ह्यूला," शेवटी ते म्हणाले.

"नाही, जाते," झेलिया म्हणाली. "दोन्ही वस्त्यांना मी लागते. दुसऱ्या कुणी पाइप धर म्हटलं तर धरणार नाहीत. इथलं काँट्रॅक्ट संपायला खूप वेळ आहे, तोपर्यंत नळाची जागासुद्धा राहणार नाही. शब्दच आहे, टिउ. म्हणेन."

*

श्रीनाथ फिओनाला पुन्हा भेटले. सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते खरं होतं. तो प्रश्न विचारणार नाही, असं तिने कबूल केलं. मग डोळे पुसून म्हणाली, "पण काय सांगू श्री, तो मॅन्युअलमधला सर्वांत लोकप्रिय एक्सरसाइज आहे. आम्ही तो अजून तीन देशांत पाठवलाय."

कुठल्या तीन, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

इंटरव्ह्यू क्लेटनला, युनिव्हर्सिटीच्या एका खोलीत होता. एक भिंत काचेची, त्यापलीकडे बॅगा सांभाळत जाणारी आपल्याकडची पोरं. झेलियाने नीलिमाची जांभळी शाल घेतली होती. हात स्वच्छ धुतले होते, तरी नखांच्या कडांना हिरवं राहिलंच होतं. श्रीनाथांना कोपऱ्यात, 'सपोर्ट पर्सन' म्हणून बसायची परवानगी होती. बोलायची नव्हती.

तासाभराच्या मुलाखतीतली पहिली चाळीस मिनिटं श्रीनाथ कधी विसरणार नाहीत. झेलिया पाइपबद्दल बोलली. उतार किती हवा, सांधा कुठे ठेवायचा, भांडण झालं तर आधी कुणाच्या अंगणात बसायचं, आणि कुणाच्या अंगणात कधीच बसायचं नाही. समिती ऐकत राहिली. फिओनाने कोपऱ्याकडे बघून भुवई उंचावली: जमतंय.

समितीत क्रेग नावाचा एक गृहस्थ नवीन होता. हसतमुख, मोठ्या हातांचा, कुणाचंही वाईट न चिंतणारा. नव्या माणसाचा उत्साह म्हणून तो आदल्या दिवशी मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचून आला होता. फिओनाने सगळ्यांना सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी राहतात.

"लास्ट वन," क्रेग म्हणाला. "मजेदार आहे." त्याने सगळ्या खोलीवर नजर फिरवली, थोडं थांबला. अगदी मॅन्युअलमध्ये लिहिलंय तितकंच. "इथला लीडर कोण? हात वर करा."

फिओनाचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

झेलियाने खाली बघितलं. मग बहुधा तिला रविवार आठवले. तिचा उजवा हात मांडीवरून निघाला. टेबलाच्या कडेपर्यंत आला. बोटं उघडली. आणि तिने मान वळवून दाराकडे बघितलं, कुणी आत आलं का ते. हात अजून वर निघाला होता, हळूहळू, पाण्याची जड घागर उचलावी तसा, आणि ती खुर्चीतून उठायला लागली होती. नेताना उभं राहावं लागतं, हे तिला घरातूनच माहीत असणार.

श्रीनाथांनी हात वर केला.

त्यांनी तो ठरवून केला नाही. नंतर नीलिमाने किती वेळा विचारलं तरी त्यांना सांगता आलं नाही. सत्तरीला आलेला, स्वेटर घातलेला, कोपऱ्यात बसलेला माणूस, शाळेत करतात तसा, सरळ, कानाला लागलेला हात.

क्रेगने कोपऱ्याकडे बघितलं. मग क्रेग हसला, मनापासून.

"तुम्ही नाही, मेट," तो म्हणाला.

सगळे हसले. झेलियाचा हात खाली गेला. ती पुन्हा खुर्चीत बसली आणि तिने शाल दोन्ही खांद्यांवर ओढून घेतली. फिओनाने घाईघाईने काहीतरी विषय काढला, पण झेलिया 'येस' आणि 'थँक यू'शिवाय पुढे काही बोलली नाही.

निकाल त्याच आठवड्यात आला. भाषा फार सुंदर होती. काम प्रेरणादायी आहे. पण उमेदवार स्वतःच्या नेतृत्वाला सामोरी जायला अजून पुरेशी तयार वाटत नाही. शिवाय, सपोर्ट पर्सनवर अवलंबून आहे.

*

पण ते नंतर. त्या दिवशी दोघं गाडीने परत निघाले, वेस्ट गेट पुलावर ट्रॅफिक तुंबलं होतं. खाली बंदरातले कंटेनर खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे रचलेले. झेलिया काचेतून बघत होती.

"तुम्ही हात वर करायला नको होता, टिउ," ती म्हणाली. "आता तुमचं नाव त्यांच्याकडे गेलं."

श्रीनाथांना आधी वाटलं ती थट्टा करते आहे. मग वाटलं, नाही. 

"माझं नाव त्यांच्याकडे आधीपासून आहे," ते म्हणाले. "मॅन्युअलमध्ये छापलंय."

गाडी थोडी पुढे सरकली. मागून कुणीतरी हॉर्न दिला.

"तो प्रश्न मीच बसवला होता, झेलिया. पॅरामॅटात. लोक हसावेत म्हणून."

 नीलिमाच्या शालीचा एक धागा निघाला होता, तो ती बोटाला गुंडाळत राहिली.

"तुम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"विचारलं नाही."

"हो," झेलिया म्हणाली. "विचारायला हवं होतं."

एवढंच ती म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर श्रीनाथांना कुठेतरी धरायला मिळालं असतं.

पूल उतरल्यावर पश्चिमेचा सपाट मुलूख सुरू झाला. तिने शाल काढून नीट चौकोनी घडी केली आणि मांडीवर ठेवली. उद्या पहाटे शिफ्ट होती. पुढच्या महिन्यात त्यांची सगळी टोळी उत्तरेला, क्वीन्सलंडला स्ट्रॉबेरीला जाणार होती. समितीचा कोरम तिकडे हलणार होता.

"टिउ, एक विचारू?"

"विचार."

"तुमच्या देशात खूप कार्जाकार्ता आहेत ना?"

"खूप."

"त्यांचं शेवटी काय होतं?"

श्रीनाथांच्या डोळ्यांसमोर हात जोडलेले मंत्री आले. फ्लेक्स आले. मग ते सगळं मागे सरलं आणि पुण्यातलं एक रिकामं मैदान आलं. सभा संपलेली, वक्ते गेलेले, आणि तीन-चार पोरं सतरंज्यांची दोन टोकं धरून घडी घालताहेत. त्यातलं एक दुसऱ्याला म्हणतंय, थोडं वर घे. त्या पोरांपैकी एकाने संघटनेचं ऑफिस शेवटपर्यंत झाडलं आणि तिथेच गेला. एकाला तिकीट मिळालं, तो आता ओळख देत नाही. आणि एक...

"टिउ?"

"ऑस्ट्रेलियाला येतात," श्रीनाथ म्हणाले.

झेलिया हसली. अगदी खळखळून, डोकं मागे टाकून. श्रीनाथही हसले. मग तिचं हसणं संपलं, आणि त्यांचं आपोआप थांबलं, आणि गाडीत फक्त हीटरचा आवाज राहिला.

शेताच्या वळणावर ती उतरली. वारा तसाच होता. तिने शालीची घडी सीटवर ठेवली. श्रीनाथ म्हणाले, "राहू दे, नीलिमाने तुलाच दिली आहे." तिने मान हलवली, घडी उचलली, दार लावलं आणि बांधावरून चालायला लागली. दूर, खोपटांच्या रांगेपाशी, खजिनदार आणि सचिव उभे होते. त्यांनी लांबूनच काहीतरी विचारलं असावं.

झेलियाने उत्तर द्यायला हात उचलला. अर्ध्यावर आणला, आणि खाली घेतला.